दसरा झाला की बघू

बालमित्रांनो, निरवांगीच्या शिवारात सर्जेरावांच्या वस्तीवर, म्हशींच्या गोठ्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात उभी असलेली सात जणांची लांबरुंद गाडी म्हणजे मी. हसू नका. एके काळी मला बघायला माणसं रस्त्यात थांबत. आता आठवडाभर माझ्या टपावर कोंबड्या बसतात आणि त्यांना हाकलायलाही कुणी येत नाही.

मी जरा वेगळ्या जातीची आहे. माझ्या पोटात पेट्रोलचं इंजिन आहे आणि मोठी बॅटरीसुद्धा आहे. घरातल्या प्लगला जोडून ठेवलं की बॅटरी भरते, आणि मग मी बारामतीपर्यंत आवाज न करता, पेट्रोलला हात न लावता जाते. बॅटरी संपली तर इंजिन आपोआप सुरू होतं. म्हणजे प्लग मिळाला नाही तरी माझं काही अडत नाही. एवढं ध्यानात ठेवा. पुढे जे घडलं ते घडायची काडीचीही गरज नव्हती, आणि त्याचाच मला अजून संताप येतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला आणि मी जहाजातून आले. बारामतीचे डॉक्टर नीळकंठ माझे पहिले मालक. त्यांच्या बंगल्यात संध्याकाळी प्लग घातला की चार्जरच्या डब्यावर हिरवा दिवा लागायचा आणि सकाळी मी तयार असायचे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मला मऊ फडक्यानं पुसायच्या. पुढे दोघं मुलाकडे राहायला गेले आणि मी ऋषिराजच्या दारात आले.

ऋषिराज हा सर्जेरावांचा एकुलता एक मुलगा. ऊस, म्हशी, दूध सगळं तोच बघतो. त्यानं मला मिरवायला घेतली असं गाव म्हणालं. गावाला काय, म्हणायला काहीतरी हवंच असतं. खरं कारण होतं त्याची आई, कौसल्याबाई. त्यांचे गुडघे गेले होते. इलाजासाठी दर आठवड्याला बारामतीला जावं लागायचं आणि गाडीत बसलं की त्यांना ओकाऱ्या व्हायच्या. इंजिनची घरघर आणि पेट्रोलचा वास त्यांना अजिबात सोसत नसे. माझा दरवाजा बाजूला सरकतो, पायरी बुटकी आहे, आणि बॅटरीवर चालताना मी हूं की चूं करत नाही. पहिल्या फेरीत बाई बारामतीपर्यंत खिडकीतून ऊस बघत गेल्या. उतरताना त्यांनी माझ्या दारावर थाप मारली.

"कशी गप चालती गं बाई तू! आमच्या सूनबाईनं शिकाय पायजे तुझ्याकडनं."

सून म्हणजे सोनम. ती सणसरची. ती कुठली ऐकून घेतेय! "आत्या, मी गप झाले तर तुमालाच करमायचं न्हाय," म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. त्या घरात सासूसुनेचं असं होतं. ऋषिराजची लेक छकुली त्यांच्यामध्ये बसून दोघींच्याही पदराला हात पुसायची.

मला वीज लावायला ते लोक चार्जिंग म्हणत नसत. कौसल्याबाई म्हशींची धार झाली की हाक मारायच्या, "गाडीला वैरण टाकली का रं?" मला हा शब्द फार आवडायचा. पण मित्रांनो, पहिल्याच संध्याकाळी वैरण घशाखाली उतरली नाही. ऋषिराजनं प्लग घातला आणि डब्यावर लाल दिवा लागला. त्यानं काढून पुन्हा घातला, प्लगला फुंकर मारली, डब्याला दोन चापट्या दिल्या. दिवा लालच राहिला.

आता इथं थोडं समजून घ्या. प्लगला तीन पाय असतात. दोन पायांतून वीज येते आणि परत जाते. तिसरा जो मोठा पाय असतो, त्याची तार जमिनीत पुरलेली असते. वीज कुठं वाट चुकली तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या वाटेनं जमिनीत जावी, एवढ्यासाठी तो पाय असतो. त्याला अर्थिंग म्हणतात. सर्जेरावांच्या घरात तिसऱ्या पायासाठी भोक होतं, पण भोकामागे तारच नव्हती. डबा ते ओळखून सांगत होता की इथं मला लावू नका. त्याच्यापाशी तोंड नाही, दिवा आहे. त्यानं दिव्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सोनमच्या भावाला बोलावणं गेलं. दिग्विजय त्याचं नाव. सणसरला वायरमनचं काम करतो. त्यानं बोर्ड उघडला, बघितलं आणि सर्जेरावांना म्हणाला, "आबा, अर्थिंगच न्हाय हितं. भिंतीकडंला खड्डा घ्यावा लागंल. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, एवढंच लागतंय. एका दुपारचं काम हाय."

"घेऊ की," सर्जेराव म्हणाले. "पण आत्ता गडी कुठनं आणू? उसाची लागण झाली की बघू."

ऋषिराजला धीर नव्हता. दोन दिवसांवर आईची बारामतीची फेरी होती. "दिग्विजयराव, तवर कायतरी करा की. आईला पेट्रोलवर न्यायची म्हंजी तिचे हाल. तुमाला येत न्हाय असं काय हाय का?"

आपल्याकडे लेकीकडचा माणूस दाजींना नाही म्हणत नाही. ते कुठंही लिहिलेलं नाही, पण पोर सासरी गेली की तिच्या भावाच्या मानेला आपोआप बाक येतो. दिग्विजयला ते काम चुकीचं आहे हे ठाऊक होतं. तो घुटमळला, डोकं खाजवलं, सोनमकडे बघितलं. सोनम चहा ठेवत होती. मग त्यानं बोटभर तार कापली आणि बोर्डाच्या आत तिनं वीज परत नेणाऱ्या तारेचं भोक तिसऱ्या भोकाला जोडून टाकलं. डबा फसला. त्याला वाटलं, जमिनीची तार मिळाली. हिरवा दिवा लागला, छकुलीनं टाळ्या पिटल्या आणि कौसल्याबाईंनी दिग्विजयला दुधाचा ग्लास भरून दिला.

"दाजी, ही तात्पुरती सोय हाय बरं का. खड्डा घ्याच," तो जाताना म्हणाला.

"व्हय व्हय."

उसाची लागण झाली, कांड्या मातीत गेल्या. मग गौरी-गणपती आले. दिग्विजय आला की विचारायचा, आणि सर्जेराव मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "आता एवढं सण आटपू दे. दसरा झाला की बघू." हिरवा दिवा रोज लागत होता. हिरवा दिवा लागत असताना खड्डा कोण खणतंय?

ते दिवस मात्र सोन्यासारखे गेले. कौसल्याबाईंची ओकारी थांबली. गुडघ्यालाही थोडा उतार पडला. त्यांनीच हट्ट धरून सोनमला माझ्यावर गाडी चालवायला शिकवायला लावलं. ऋषिराज का कू करत होता, तर म्हणाल्या, "मी बसते तिच्या शेजारी. मेलो तर दोघी मरू, तुला सैपाक करायला लागंल एवढंच." वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत सोनमनं मला किती वेळा बंद पाडायचा प्रयत्न केला, पण मी बंद पडणाऱ्यातली नाही. गावात माझी चर्चा झाली, तशी दिग्विजयचीही झाली. ज्यांच्या घरी विजेवरच्या स्कूटर होत्या आणि लाल दिवा लागत होता, त्यांनी त्याला बोलावलं. त्यानं तीन घरांत तशीच बोटभर तार लावून दिली. त्यातलं एक घर सणसरच्या रोहिणीताईंचं होतं. त्या अंगणवाडीच्या सेविका. अंगणवाडीचं छत गळायचं, म्हणून पोरं त्यांच्याच ओसरीवर बसत, आणि ओसरीवरच स्कूटर उभी असे.

खंडेनवमी आली. दसऱ्याचा आदला दिवस. आपल्याकडे त्या दिवशी अवजारं धुऊन पुसून पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगर, सगळ्यांना त्या दिवशी हळदकुंकू मिळतं. मीही वाट बघत होते. रात्रभर पाऊस आणि वारा होता. मी आदल्या संध्याकाळपासून प्लगला होते. सकाळी ऋषिराज झेंडूची फुलं आणायला गेला आणि तेवढ्यात घरातले पंखे थांबले.

"लाईट गेली," सर्जेराव ओट्यावरून म्हणाले.

गेली नव्हती, मित्रांनो. खांबावरून घरात दोन तारा येतात. एक वीज आणते, दुसरी परत नेते. वाऱ्यानं दुसरी तार जुन्या सांध्यातून निसटली होती. वीज घरात येत होती, पण तिला परत जायला वाट नव्हती. म्हणून दिवे विझले. ती वाट शोधत त्या बोटभर तारेतून तिसऱ्या पायात शिरली आणि तिथून माझ्या पत्र्यात येऊन बसली. माझे टायर रबराचे, त्यामुळे तिला जमिनीतही जाता येईना. वरून मी कालच्यासारखीच दिसत होते.

कौसल्याबाई पाण्याची बादली आणि फडकं घेऊन आल्या. पाय अनवाणी होते. अंगणात चिखल होता. सोनम चुलीपाशी पुरण ढवळत होती. तिथून तिनं विचारलं, "आत्या, प्लग काढू का?"

"लाईटच न्हाय तर प्लग काय करतोय? तू पुरण बघ, करपंल."

त्यांनी फडकं पिळलं आणि माझ्या दारावर हात ठेवला.

पुढचं मी फार सांगणार नाही. त्यांना ओरडताही आलं नाही. सर्जेराव धावले, त्यांनी बाईंचा दंड धरला आणि तेही फेकले गेले. मग त्यांनी कुदळीच्या लाकडी दांड्यानं तो हात माझ्यापासून सोडवला. शेजारच्या वस्तीवरची जीप आली, बाईंना घालून बारामतीला नेलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. ज्यांच्यासाठी मला या घरी आणलं, त्या माझ्याच दाराशी गेल्या. मला रडता येत नाही म्हणून मला दुःख नाही असं कुणी समजू नये.

घरातले सगळे दवाखान्यात असताना दिग्विजय आला. त्यानं मेन स्विच पाडला, बोर्ड उघडला, ती बोटभर तार काढली आणि खिशात घातली. बोर्डाचा स्क्रू त्याच्या हातून दोनदा खाली पडला. दोन दिवसांनी वीज कंपनीची माणसं चौकशीला आली. त्यांना खांबावरची निसटलेली तार दिसली, पण वीज गाडीत कशी शिरली ते उमगलं नाही. म्हणाले, परदेशी गाडी आहे, आतच काही बिघाड असेल. गावाला तेवढं पुरलं. छकुली एकदा माझ्याकडे येऊ लागली तर सर्जेरावांनी तिला खस्सकन मागे ओढलं.

"तिकडं जायाचं न्हाय. तिनं आजीला खाल्लं."

ऋषिराज तर माझ्याकडे बघेनासा झाला. तो उंबऱ्यावर बसायचा आणि एकच म्हणायचा, "मीच आणली. मीच आणली ही." जेवायचा नाही. डेअरीला जायचा नाही. सोनम ताट घेऊन समोर बसायची, भात गार व्हायचा आणि म्हशींना जायचा. त्याला खरं सांगणारा माणूस रोज त्याच्याच पंगतीला होता. दिग्विजय दहाव्याला आला, तेराव्याला आला, मेहुण्याला धीर दिला, पाहुण्यांना पाणी वाटलं, आणि गप्प राहिला.

बाईंच्या मासिक श्राद्धाच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तो शेडमध्ये आला. माझा दरवाजा सरकवून मागच्या सीटवर बसला आणि तोंडात रुमाल कोंबून रडू लागला. सोनम त्याला शोधत आली.

"दादा? हितं काय करतोयस?"

त्यानं सगळं सांगितलं. ती तार, तो बोर्ड, खिशात घालून नेलेलं ते टोक. सोनम माझ्या दाराला धरून खाली बसली.

"दुसऱ्या दोन घरातल्या तारा मी काढल्या गं," तो म्हणाला. "तपासाय आलोय म्हणालो, काढल्या. पण रोहिणीताई हातच लावू देईना. म्हणती, चांगलं चाललंय, हिरवा लागतोय, तू बिघडवशील. घरभेटींना मला रोज लांब जावं लागतंय, म्हणती. तिला खरं सांगितल्याबिगर ती ऐकायची न्हाय. आणि खरं सांगितलं तर तुझ्या घरात कळंल."

"कळंल."

"तुला नांदवायची न्हाईत ती."

सोनमनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या नांदण्याचं मी बघीन. तितं ओसरीवर पोरं बसत्यात रं, दादा. माझ्या आत्यांचा हात मी बघितलाय. ऊठ."

तिनं आतून किल्ली आणली. महिनाभर मला कुणी वीज दाखवली नव्हती. तिनं बटण दाबलं, पोटातलं इंजिन घरघरलं आणि आम्ही निघालो. ओट्यावरून सर्जेरावांनी हाक मारली, "कुठं निघाली?" तिनं गाडी थांबवली नाही. आत्यांनी हट्टानं शिकायला लावलेली सोनम त्या दिवशी कुठंही चुकली नाही.

सणसरला पोचलो तेव्हा ओसरीवर दहा-बारा पोरं गाणं म्हणत होती आणि स्कूटर प्लगला लावलेली होती. एक मुलगी तिच्या हँडलला लोंबकळत होती. दिग्विजयनं आधी मेन स्विच पाडला. रोहिणीताई चिडल्या, "ए बाबा, पुन्हा आलास का?" तेव्हा पोरांना न्यायला आलेल्या आयांसमोर तो बोलला. शेवटपर्यंत बोलला. "माझ्या बहिणीची सासू मी लावलेल्या तारेनं गेली. तीच तार तुमच्या हितं हाय." रोहिणीताईंनी हँडलवरच्या मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि किती तरी वेळ खाली ठेवली नाही.

संध्याकाळी आम्ही वस्तीवर परतलो. सोनमनं भावाला पुढे उभं केलं आणि सासऱ्याला, नवऱ्याला सगळं सांगितलं. ऋषिराजनं दिग्विजयची गचांडी धरली. मग त्याचे हात आपोआपच सुटले.

"मी रोज मरत हुतो रं," तो म्हणाला. "तू बघत हुतास."

सर्जेराव म्हणाले, "माझ्या ताटाला ताट लावून जेवला. महिनाभर."

"चुकलंच त्याचं, आबा," सोनम म्हणाली. "पर दाजी म्हणून जोर कुणी केला? खड्डा पुढं कुणी ढकलला? तो लाल दिवा आपण समद्यांनी बघितला हुता. मीबी बघितला."

सुनेनं सासऱ्याला तोंडावर असं बोलणं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. सर्जेरावांनी तिच्याकडे न बघता मुलाला सांगितलं, "हिला माहेरी सोडून ये."

दुसऱ्या दिवशी ऋषिराजनं मायलेकींना माझ्यातून सणसरला नेलं. छकुली आजीच्या जागेवर बसली होती. रस्त्यात तिनं विचारलं, "बाबा, मंग गाडीनं आजीला न्हाय ना खाल्लं?"

"न्हाय, बाळा."

"मंग कुणी खाल्लं?"

सणसर येईपर्यंत मला माझ्याच टायरांचा आवाज ऐकू येत होता.

त्याच दिवशी सर्जेरावांनी एकट्यानं भिंतीकडेला खड्डा खणला. मीठ, कोळसा घातला, तांब्याची पट्टी पुरली. खरंच एका दुपारचं काम निघालं. ती जागा ओली राहावी लागते, म्हणून ते रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी ओततात आणि तिथंच उभे राहतात. सोनमला मात्र त्यांनी अजून बोलावलेलं नाही. ऋषिराज दर रविवारी मला घेऊन सणसरला जातो. सोनम त्याला चहा देते, छकुलीला त्याच्या मांडीवर बसवते आणि सांगते, "दादाला त्या घरात ताट मांडणार असाल तर आत्ता येते." तो चहा संपवून उठतो. मग आम्ही परत येतो, तो पुढच्या सीटवर आणि मागे माझ्या सगळ्या रिकाम्या जागा. मी आता पेट्रोलवरच चालते. मला प्लग लावायचं या घरात कुणी नाव काढत नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला उपदेश शोभत नाही. पण एक मागते. यंत्रानं लाल दिवा दाखवला तर त्याला फसवू नका, तो का लागला ते आधी बघा. लाईट गेली म्हणजे वीज मेली असं समजू नका, आधी मोठ्या माणसाला मेन स्विच पाडायला लावा. आणि आज घरी गेलात की विचारा, आपल्या घराला अर्थिंग आहे का? स्वतः बोर्डाला हात लावू नका, फक्त विचारा. "बघू" म्हणाले तर पुन्हा विचारा. सण आहे म्हणाले, काम आहे म्हणाले, तर ताट बाजूला सारा, भोकाड पसरा, अंगणात गडाबडा लोळा. मुलांनी हट्ट करू नये म्हणतात. या एका गोष्टीसाठी खुशाल करा, मार बसला तरी करा. आमच्या घरात सगळी समजूतदार माणसं होती. खड्ड्यासाठी एकानंही हट्ट धरला नाही.